न भाजलेला राब

कुसळवाडीच्या देवराईला लागून जे भाताचं खाचर आहे, त्यातला राब, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजण्यासाठी रचलेला पानापाचोळा, दरवर्षी तसाच राहतो. आसपासची खाचरं भाजून काळी होतात, हे एकच नाही. पाहुण्यांना वाटतं, कोणा आळशाचं असेल. तसं नाही.

फार मागे हे खाचर कोंडाई नावाची बाई कसायची, असं सांगतात. नवरा वारलेला, पदरी दोन वर्षांची चिमी. गावाची रीत अशी, की वारा पडला की जाणत्याने हाळी द्यायची आणि सगळ्यांनी एकदमच राब पेटवायचे. मागाहून एकट्याने पेटवायला बंदी, कारण आग राईत शिरली तर देवाचं रान जायचं. हाळी चुकली की रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर वर्षभर चूल थंड.

त्या दिवशी कोंडाईने चिमीला जांभळाखाली निजवलं आणि ती चूड पेटवून आणायला बांधापलीकडे गेली. तेवढ्यात पोर उठली, दुडदुडत आली आणि मऊ पाचोळा पाहून राबाच्या ढिगात शिरून पुन्हा झोपली. हे कोणा माणसाने पाहिलं नाही. कोंडाई परतली ती खालच्या अंगाने, जांभळाकडे पाठ करून.

वारा पडला. गावचे जाणते धाऊबाबा ओरडले, "लावा रंऽऽ!" खालपासून धूर उठू लागला.

कोंडाई चूड घेऊन वाकली, तोच एक पाचोळी तिच्या हातावर झेपावली. पाचोळी म्हणजे पानांतले किडे टिपणारं, मुठीत मावेल एवढं तांबूस पोटाचं पाखरू. आग लागली की किडे बाहेर पडतात आणि पाखरं जमतात, हे साऱ्यांना ठाऊक. "व्हय बाजूला! मागनं खा की पोटभर," म्हणत कोंडाईने तिला हाकललं आणि चूड टेकवली. कडेची पानं तडतडली.

"आगं कोंडे, उरक!" शेजारच्या खाचरातून हौसा ओरडली. "वारा फिरंल!"

पाखरू जळत्या काठाशीच येऊन बसलं, ओरडत राहिलं. तेव्हा कोंडाईला दिसलं, त्याच्या चोचीत हिरवी अळी होती आणि ते ती गिळत नव्हतं. तोंडचा घास कोण राखून ठेवतं, हे का तिला सांगायला हवं होतं?

"माझे बाय, पिल्लं हायती व्हय तुझी आत!"

तिने चूड बांधावर फेकली, जाळ पायांनी तुडवला आणि घरटं काढायला कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना लागलं ते घरटं नव्हतं. लहानसं पाऊल होतं.

तिची किंकाळी पार वाडीत ऐकू गेली, म्हणे. धाऊबाबा रागाने धावत आले, आणि आईच्या कुशीत खोकणारी पोर नि चोचीत अळी धरून अजून घिरट्या घालणारं पाखरू पाहून म्हणाले,

"तुझा राब आता लावायचा न्हाई, कोंडे."

कोंडाईचा चेहरा उतरला.

"पिल्लं हायती न्हवं आत? ऱ्हाऊ दे. तुझी रोपं गाव दील."

आजही त्या खाचराला प्रत्येक घरातून एक मूठ रोपं मिळतात. आणि आजही कुसळवाडीची प्रत्येक बाई पेटवण्याआधी आपल्या राबात कोपरापर्यंत हात घालते. आत पानांखेरीज काही नाही, हे तिला ठाऊक असतं. तरी हात बाहेर येईपर्यंत ती कोणाशी बोलत नाही.