आमदारांची जागा

करंजधारला सकाळी धुकं इतकं दाट उतरायचं, की एसटी रस्त्यावरून नाही, ढगातून येतेय असं वाटायचं. गाडी बंद झाली, तशी ती कढीपत्ता विकणाऱ्या सरुबाईच्या स्वप्नात येऊ लागली. दिवे मिणमिणत यायची आणि न थांबताच धुक्यात विरून जायची.

एक दिवस आमदार दौलतराव आपल्या मोटारीतून गावात आले. पारावर बसून जमलेल्या गावकऱ्यांना म्हणाले, "महामंडळ तोट्यात आहे. आपण विरोधी पक्षात, म्हणून सरकार आपल्याकडे पैसा सोडत नाही. त्यात तुमची गाडी रिकामी धावायची. रिकाम्या जागांसाठी मी मुंबईत कुठल्या तोंडानं भांडू?"

 सरुबाई अजून स्वप्नातच असल्यासारखी हळू बोलली, "साहेब, गाडीत एकच जागा रिकामी असायची. तिच्यावर 'आमदारांसाठी राखीव' असं लिहिलंय. आम्ही घाटभर उभे राहिलो, पण तुम्ही कधीतरी याल म्हणून तिथं कुणाला बसू दिलं नाही. तेवढा तोटा तुम्हीच भरून काढा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी धुक्यातून दिवे आले, आणि या वेळी थांबले. सरुबाई कढीपत्त्याची पाटी घेऊन चढली. राखीव जागेवर दौलतराव अवघडून बसले होते, मांडीवर कुणाचीतरी कोंबडी सांभाळत.