टर्बाइनबाईंचा कणा

वीजकेंद्राच्या राखेनं आसपासची झाडंसुद्धा करडी व्हायची, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या अवाढव्य टर्बाइनबाई वाफेवर गरगर फिरून साऱ्या मुलखाला वीज पुरवायच्या. त्यांच्या पायाशी एक छोटी मोटर होती. वाफ बंद झाली की तापलेल्या बाईंना थंड होईपर्यंत हळूहळू फिरवत ठेवायचं, एवढंच तिचं काम. पण बाईंच्या चढ्या आवाजाला ती फार भ्यायची.

एका सकाळी वाफ बंद झाली. मोटर बाईंना फिरवू लागली.

"हात लावू नकोस!" बाई कडाडल्या. "महिनाभर पळतेय मी. जरा स्वस्थ पडू दे."

"बाई, तापल्या अंगानं पडून राहिलात तर तुमचा कणा वाकेल हो."

"मला शिकवतेस? मुकाट्यानं सोड, नाहीतर भंगारात धाडीन!"

मोटरनं बाहेर पाहिलं. खिडकीतून भंगाराचा ढीग रोज दिसायचा. तिच्यासारख्या कितीतरी जणी तिथं गंजत पडल्या होत्या. तिनं बाईंना सोडलं. सगळं गप्प झालं. ती शांतता तिला बाईंच्या ओरडण्याहून भयंकर वाटली, पण पुन्हा हात लावायचा धीर काही होईना.

संध्याकाळी वाफ सुरू झाली. बाईंनी वेग घेताच इमारत हादरली, आत लोखंडावर लोखंड खरवडलं. "बंद करा!" म्हणत कामगार पळाले.

"वाकले गं मी," बाई कण्हल्या. "का सोडलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना..."

"मी म्हणाले. पण ठाऊक तर तुला होतं!"

आठवड्यानं बाईंना भंगाराच्या ट्रकवर चढवलं. मोटरनं फिरवावं असं आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून कामगारांनी तिलाही उचलून बाईंच्याच शेजारी टाकलं.