सांगकाम्या शिदूची भाड्याची गाडी

प्रत्येक गावाच्या वाट्याला एक तरी भोळा येतोच. कोल्हापूरजवळच्या खडकवळण गावाच्या वाट्याला शिदू आला.

शिदूला मूर्ख म्हणू नका. त्याला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. अडचण काय ती एवढीच. लहानपणी आई म्हणाली, "कोंबड्यांवर लक्ष ठेव." मांजर आलं, एक कोंबडी उचलून घेऊन गेलं. ते कुठल्या वाटेनं गेलं, कुठं बसलं, आधी काय खाल्लं, शिदूनं सगळं सांगितलं. त्यानं लक्ष ठेवलं होतं.

गाडी मात्र तो झकास चालवायचा. रस्त्यावर त्याची कधी चूक झाली नाही. चुका व्हायच्या त्या गाडी थांबल्यावर.

तर या शिदूचं लग्न ठरलं. मुलगी हौसा, शेजारच्या गावच्या गणपा चौगुल्यांची. बघण्याच्या वेळी हौसानं विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

शिदू म्हणाला, "सांगितलेलं येतं."

हौसा हसली. तेव्हापासून शिदूला ती फार आवडायला लागली. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपसूकच झालं.

पण गणपा चौगुले पक्का माणूस. ते म्हणाले, "जावई कामाधंद्याला लागलेला पाहिजे. लग्नापत्तुर टिकून दाखव. काम गेलं की सोयरीक गेली."

कोल्हापुरात बारा महिने पाहुणे. कुणी देवीला येतो, कुणी रंकाळ्याला, कुणी पन्हाळ्याला, कुणी नुसता तांबडा-पांढरा ओरपायला. त्यांना फिरवायला गाड्या लागतात. फोनवर अ‍ॅप उघडायचं, गाडी बोलवायची, बसायचं. पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या सर्जेराव मामांच्या अशा गाड्या होत्या. ज्याच्याकडं गाडी नाही त्याला ते भाड्यानं द्यायचे. शिदूनं एक पांढरी गाडी भाड्यानं घेतली.

किल्ली देताना सर्जेराव म्हणाले, "हे बघ. गाडी चालू तर फोन चालू. स्टेरिंग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाई. गिऱ्हाईक बाप्या असला तर दादा म्हणायचं, बाई असली तर ताई. उतरताना पाच तारे मागायचे. कळलं?"

"कळलं मामा."

सर्जेरावांना बरं वाटलं. शिदूला नवीन होते बिचारे.

पहिलं भाडं आलं रंकाळ्याजवळच्या एका लॉजवरून. शिदू दारात जाऊन उभा राहिला. गिऱ्हाईक आलंच नाही. ते समोरून रिक्षा पकडून कधीच गेलं होतं. शिदू थांबला. दुपार झाली, थांबला. भेळेच्या गाड्या लागल्या, उठल्या, शिदू थांबलेला. शेवटी सर्जेराव स्कूटरवरून शोधत आले.

"काय करतोयस हितं?"

"थांबलोय मामा."

"किती वेळ?"

"येईपत्तुर."

सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. "अरं खुळ्या, पाच मिनिटं थांबायचं! न्हाई आलं तर कॅन्सल करायचं आणि निघायचं. मागं वळूनसुदिक बघायचं न्हाई."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

मग एक व्यापारी स्टेशनवर उतरला आणि गुळाची ढेप मागच्या सीटवर विसरून गेला. पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शिदू विचारायचा, "दादा, ही ढेप तुमची का?" दोघा-तिघांनी नाही म्हटलं. मग एक भला माणूस भेटला. तो म्हणाला, "व्हय की, माझीच." शिदूनं ढेप त्याच्या घरापर्यंत उचलून दिली. व्यापारी संध्याकाळी सर्जेरावांच्या दारात उभा.

सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. "अरं, गाडीत मागं राहिलेलं कुणाला द्यायचं न्हाई. सरळ माझ्याकडं आणायचं. गूळ असू दे न्हाईतर सोनं असू दे."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

त्यानंतर नाशिकचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि तिचे सासरे. शिदूनं त्यांना पन्हाळ्यावर नेलं. वाटेत सासरेबुवांना झोप लागली. नवरा-बायको तटबंदीवर उतरले. बाई म्हणाली, "बाबांना झोपू दे. भाऊ, आलोच हं आम्ही फोटो काढून."

शिदूनं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली. कुणी आलं नाही. शिदूनं कॅन्सल केलं आणि निघाला. मागं वळून बघितलं नाही. घाटाखाली आरशात दिसलं, मागच्या सीटवर म्हातारा राहिलाय. शिदूला सगळं लख्ख आठवलं. गूळ असू दे न्हाईतर सोनं असू दे. त्यानं गाडी थेट सर्जेरावांच्या दुकानात आणली.

"मामा, हे मागं राहिलंय."

सर्जेरावांनी आत डोकावून बघितलं. राहिलेलं जागं झालं, चष्मा लावला आणि म्हणालं, "आला का पन्हाळा?"

सर्जेरावांनी दार उघडलं. आजोबा उतरले, टायरांच्या ढिगाकडं बघितलं, पंक्चर काढायच्या हौदात बोट बुडवून बघितलं. "छान आहे हो," ते म्हणाले. "नुसतं ऐकूनच होतो. पण थंड हवेचं ठिकाण म्हणतात, तसं काही वाटत नाही."

तिकडं मुलगा-सून तटबंदीवर बोंब मारत होते. त्यांना आणायला सर्जेराव स्वतः गेले. येताना शिव्या खाल्ल्या. आल्यावर शिदूला म्हणाले, "ओटीपी कुणी दिला होता?"

ओटीपी म्हणजे चार आकडे. गिऱ्हाइकाच्या फोनवर येतात. त्यानं ते सांगितले की प्रवास सुरू.

"त्या ताईंनी."

"मग ती उतरल्यावर बिनओटीपीचा माणूस गाडीत घेऊन फिरतोसच कसा? कान उघडून ऐक. ज्याचा ओटीपी त्यालाच गाडीत घ्यायचं. ओटीपी न्हाई तर सख्खा बाप असला तरी न्हाई!"

"बाप वारलाय मामा."

"मग सासरा असला तरी न्हाई!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

सर्जेराव रागात बोलून गेले. रागात माणूस काहीही बोलतो. ऐकणारा शिदू होता, हे ते विसरले.

दोन दिवसांनी गणपा चौगुले कोल्हापुरात आले. जावई खरंच कामाला आहे का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. एसटी स्टँडबाहेर पांढरी गाडी दिसली, आत शिदू दिसला. चौगुल्यांना आनंद झाला. कडक ऊन, डोक्यावर तांदळाचं पोतं. ते दार उघडायला लागले.

"नमस्कार दादा," शिदू म्हणाला. "ओटीपी?"

"अरं, मी हौसाचा बा!"

"मामांनी तेच सांगितलंय. सासरा असला तरी न्हाई."

चौगुले पोतं घेऊन भर उन्हात चालत सर्जेरावांच्या दुकानात गेले. पोतं आपटलं आणि म्हणाले, "सोयरीक मोडली!"

आता सर्जेराव गडबडीनं उठले. पोराचं लग्न आपल्या तोंडामुळं मोडणार. त्यांनी चौगुल्यांना बसवलं, ताक पाजलं आणि म्हणाले, "पावणं, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा न्हाई. मालकानं सांगितलं ते सासऱ्यासाठीसुदिक मोडत न्हाई. उद्या तुमच्या पोरीनं सांगितलेलं मोडंल का?"

चौगुल्यांनी ताक संपवलं. विचार केला. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचं कुणीच ऐकत नव्हतं. ते म्हणाले, "ह्यात बी एक म्हणणं हाय." आणि सोयरीक टिकली.

लग्न कोल्हापुरातल्या एका कार्यालयात लागलं. सगळं नीट पार पडलं. भटजी म्हणाले उभे राहा, शिदू उभा राहिला. बसा म्हणाले, बसला. असा आज्ञाधारक नवरदेव भटजींनी पाहिलं नव्हतं. शिदूच्या उपरण्याची आणि हौसाच्या शालूची गाठ बांधली. सर्जेरावांनी पांढरी गाडी झेंडूच्या माळांनी सजवून दारात आणली. घरी जायची वेळ झाली. हौसाची आई रडली, आत्या रडली, चौगुलेसुद्धा नाक ओढायला लागले.

गाडी चालवायला शिदूचा चुलतभाऊ पुढं आला. शिदू म्हणाला, "स्टेरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाई." आणि मुंडावळ्या सावरत स्वतः बसला. गाठीमुळं बसता येईना. त्यानं उपरणं खांद्यावरून काढलं आणि बसला. गाडी चालू केली. गाडी चालू तर फोन चालू. फोनही चालू केला.

हौसानं मागचं दार धरलं.

"ताई, ओटीपी?" शिदू म्हणाला.

हौसाला वाटलं थट्टा आहे. ती लाजली. मांडवातल्या बायका हसल्या. शिदू हसला नाही. त्याला वाईट वाटत होतं. हौसा त्याला फार आवडायची. ती लवकर ओटीपी देईल तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं घड्याळाकडं बघितलं. पाच मिनिटं झाली. शिदूनं एक सुस्कारा सोडला, आणि माळा लावलेली गाडी रिकामी निघून गेली. मागं वळून बघायचं नव्हतं, म्हणून त्यानं बघितलं नाही.

खडकवळणात आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. उंबऱ्यावर माप भरून ठेवलेलं. तिनं गाडीत बघितलं, गाडीमागं बघितलं.

"शिदबा, सून कुठाय?"

"तिनं ओटीपी दिला न्हाई आई. मी पाच मिनिटं थांबलो."

इकडं कार्यालयात चौगुल्यांचा आवाज पार रस्त्यावर ऐकू येत होता. "गाठ सोडा ती! पोरगी परत घेऊन जातो!" हौसाच्या पदराला शिदूचं उपरणं नुसतंच लोंबत होतं. आत्या गाठ सोडायला पुढं झाली.

"हात लावू नगा," हौसा म्हणाली. "हा माणूस वाईट न्हाई. सांगणारा प्रत्येक जण अर्धवट सांगतोय."

सर्जेराव खाली बघायला लागले.

हौसानं फोन काढला आणि गाडी बुक केली. लग्नसराईचे दिवस. शहरातली एक गाडी मोकळी नव्हती. बऱ्याच वेळानं लांबची एक मिळाली.

खडकवळणात शिदूचा फोन वाजला. त्यानं नाव वाचलं. ओळखीचं वाटलं. "आई, भाडं आलंय. जाऊन येतो."

गाडी कार्यालयाच्या दारात येऊन थांबली. हौसा पुढं झाली.

"नमस्कार ताई. ओटीपी?"

"बावीस-चौतीस," हौसा म्हणाली.

शिदूचा चेहरा फुलला. इतका आनंद त्याला अक्षता पडतानासुद्धा झाला नव्हता. तो खाली उतरला, तिच्यासाठी दार उघडलं. पाठराखीण म्हणून आत्या चढायला लागली.

"ह्यांचा ओटीपी?"

आत्या खाली उतरली.

वाटेत शिदूनं विचारलं, "एसी वाढवू का ताई?" हौसा म्हणाली, "वाढवा." त्यानं वाढवला. हौसा खिडकीबाहेर बघून पदरात तोंड घालून हसत होती.

गाडी घरासमोर थांबली. सगळी आळी जमलेली. शिदू सर्वांसमोर मोठ्यानं म्हणाला, "पोचलो ताई. तेवढे पाच तारे द्या." म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. आईच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. तेवढ्यात फोन वाजला. पुढचं भाडं. शिदूनं गिअर टाकला.

"थांबा," हौसा म्हणाली. "फोन बंद करा."

"गाडी चालू तर फोन चालू."

हौसानं क्षणभर विचार केला. "मग गाडी बंद करा."

शिदूनं गाडी बंद केली. मग फोन बंद केला. इतकं नीट त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आता खाली उतरा." तो उतरला. "माझ्याशेजारी उभं राहा." तो राहिला. हौसानं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं. गाठ तशीच होती.

दारात आळीतल्या बायका आडवे हात करून उभ्या राहिल्या. "नाव घेतल्याबिगर आत सोडणार न्हाई! सूनबाई, घ्या नाव!"

हौसा लाजली, पण अडली नाही.

"पाच मिनिटं थांबले, मला सोडून गेले,
ओटीपी दिला तेव्हा शिदूराव माझे झाले!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं डोळे पुसले. मग सगळ्या शिदूकडं वळल्या. "आता तू!"

"मी काय?"

"तू बी सांगायचं. सांगितल्याबिगर दार सोडत न्हाईत. रीतच हाय तशी."

शिदूनं दाराकडं बघितलं. आडव्या हातांकडं बघितलं. त्याला फार समाधान वाटलं. सर्जेरावांचा नियम आपल्या घरीसुद्धा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तो ताठ उभा राहिला, घसा साफ केला आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बावीस-चौतीस!"

बायका अशा हसत सुटल्या की कुणी भिंतीला टेकली, कुणी पायरीवर बसली, आणि दार आपोआप मोकळं झालं.

हौसानं माप ओलांडलं. मागोमाग शिदू आत आला, आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

"बघितलंत ताई? ओटीपी बरोबर होता."