सेनापतींचे जोडे

सांगा बरं, नवरा एका पलटणीत आणि सख्खा भाऊ दुसरीत असेल, तर कोणती पलटण सरस म्हणाल? शैलगडच्या सैन्याचे जोडे शिवणाऱ्या शेवंतापुढे भर दरबारात हाच पेच आला.

सेनापती दुर्जय म्हणाले, "महाराज, ढालकरी भारी की भालेकरी, हे जोड्यांवरून हिला कळत असेल. जी पलटण कमी, ती उद्या आमिष म्हणून एकटी राक्षसांच्या खिंडीत पाठवू. बोल गं!"

शेवंताने महाराजांपुढे हात जोडले. ढालकऱ्यांत नवरा होता, भालेकऱ्यांत भाऊ.

"महाराज, ढालकऱ्यांचे जोडे टाचेला झिजतात, कारण ते पाय रोवून उभे राहतात. भालेकऱ्यांचे चवड्याला झिजतात, कारण ते धावून जातात. ढालकरी शत्रूला थोपवतात, म्हणून भालेकऱ्यांना वार करता येतो. दोघांत कमी कुणी नाही."

"कमी कुणीतरी असणारच!" सेनापती गरजले.

"आहे ना, सरकार," ती चाचरत म्हणाली. "तीन लढाया झाल्या, पण एक जोडी दुरुस्तीला आलीच नाही. ती तुमच्या पायात आहे."

महाराजांनी सेनापतींना पाय उचलायला लावला. तळ कोरा करकरीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पलटणी मिळून खिंडीकडे निघाल्या, आणि सर्वांत पुढे सेनापती पायी चालत होते.