अर्धी करंजी

"आणि ती मला गोड लागली तर?"

अमोसने हे विचारलं तेव्हा त्याच्या तळहातावर एक करंजी होती आणि ती त्याने अंगापासून लांब धरली होती. करंजीला इतका घाबरणारा माणूस टेकडीवरच्या त्या ख्रिस्ती आश्रमात याआधी कुणी पाहिला नसेल.

आश्रमाचे गुरू सिलासबाबा अंगणात शेवग्याखाली चटईवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. वय ऐंशीच्या पुढे.

"गोड लागेल," ते म्हणाले. "करंजीच आहे."

ती त्याच्या धाकट्या बहिणीने, रिबकाने पाठवली होती. आज तिची हळद. त्यांच्या घरची रीत अशी, की थोरल्या भावाने अर्धी करंजी खायची, उरलेली अर्धी स्वतःच्या हाताने नवरीला भरवायची, मगच हळद लावायची. न्यायला आलेले लाजरसमामा मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभे होते. करंजी अख्खी परत गेली, तर भावाला लग्न मान्य नाही असा अर्थ होणार होता.

"मी नाही जात, बाबा."

"नवरा वाईट आहे?"

"चांगला आहे. म्हणून तर भीती वाटते."

बाबांचे हात थांबले.

"मी अकरा वर्षांचा होतो. नाताळचा दिवस. झोपाळ्यावर बसून करंज्या खात होतो, पोट दुखेपर्यंत हसत होतो... इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरडा झाला. कठडा ढासळला होता. वडील खाली..."

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मी सुखात असलो की देव माझं माणूस नेतो. आज मला आनंद झाला, आणि रिबकाला काही झालं तर?"

अमोसला आश्रमात येऊन तीन वर्षं झाली होती. रोज पंगतीत डोळे मिटून तो अन्नाबद्दल देवबापाचे आभार मानी, आणि आमेन म्हणताच आमटीभातावर तांब्याभर पाणी ओती. चव मरावी म्हणून. नवे लोक त्याला संत समजत. स्वयंपाक करणाऱ्या सलोमीबाई त्याला काय समजत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबा तीन वर्षं नुसते पाहत होते.

फाटकातून मामा ओरडले, "आरं अमोस, पोर पाटावर बसंना! येतोस, का करंजी देतोस माघारी?"

अमोसने सवयीने चटईजवळच्या पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. करंजी भिजवून खाल्ली तर रीतही पाळली जाईल आणि गोडही लागणार नाही.

त्याच्याआधी बाबांनी तांब्या उचलला.

"काना गावच्या लग्नात काय झालं, सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

"द्राक्षारस संपला... प्रभू येशूने रांजणांत पाणी भरायला लावलं. त्या पाण्याचा द्राक्षारस झाला."

"बरा होता का?"

"सगळ्यांत उत्तम. भोजनकारभारीच तसं म्हणाला."

"आणि तू," बाबा म्हणाले, "तीन वर्षं रोज त्याचं पुन्हा पाणी करतोस."

त्यांनी तांब्या शेवग्याच्या मुळाशी रिकामा केला.

अमोसचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने डोळे घट्ट मिटले आणि करंजी दातांखाली धरली.

खोबरं, खसखस, वेलदोडा... झोपाळ्यावरचीच चव. आता कुठूनतरी आरडाओरडा येणार म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला.

फाटकाशी मामा खोकले. शेवग्यावर एक कावळा ओरडला. बाकी काही झालं नाही.

"गोड आहे," अमोस म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

उरलेली अर्धी करंजी त्याने रुमालात बांधली. फाटकाकडे निघाला, आणि थांबला.

"बाबा... भीती गेली नाही."

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"तिलाही घेऊन जा," ते म्हणाले. "पंगतीत शेजारी बसव, आणि करंजी वाढ."