नथीतला हिरा बदलला कुणी?

“हा हिरा खाणीतला नाही, भट्टीत पिकवलेला आहे!” माणकशेट भर दरबारात ओरडले. “मी राणीसाहेबांच्या नथीत खाणीतला बसवला होता. कुणीतरी बदलला! नथ धुतं कोण? ही भिवरा!”

झालं होतं असं, की रणधवल महाराजांनी तो हिरा नथीतून काढून मोडीत द्यायचं ठरवलं आणि शेटजींनाच परत घ्यायला सांगितलं. विकताना शेटजींच्या तोंडातून मध गळत होता. पैसे परत द्यायची वेळ आली आणि त्यांना एकदम चोर दिसला!

रिठ्याच्या पाण्याने नथ धुणारी भिवरा घाबरली, पण गप्प बसली नाही. “महाराज, मी नाही बदलला!”

“शेटजी नुसत्या नजरेने हिरा ओळखतात,” महाराज म्हणाले. “त्यांची नजर खोटी ठरव, नाहीतर तुरुंगात जा. दुसरा जवाहिऱ्या बोलवायचा नाही, यंत्र आणायचं नाही!”

महाराज एकदा बोलले की बोलले. राणीसाहेबांनी डोळे वटारले, तरी ते ढिम्म.

भिवरा शेटजींकडे वळली. “शेटजी, तुमच्याजवळचा खाणीचा हिरा द्या की एक. नथीतल्याएवढाच हवा हं!”

शेटजींनी कनवटीची पुरचुंडी सोडून ऐटीत दिला.

“आता पाठ फिरवून उभे राहा.”

शेटजी वळले. भिवराने एक हिरा विड्याच्या पानावर ठेवला आणि दुसरा हळूच महाराजांच्या मुठीत सरकवला. महाराज दचकले. भिवराने ओठांवर बोट ठेवलं.

“बघा, शेटजी!”

शेटजी वाकले. “हा भट्टीतला! चमक बघा कशी मेलेली!”

“फिरा परत. आता दुसरा दाखवते.” तिने तोच हिरा पदराने पुसला आणि पुन्हा पानावर ठेवला.

“अहाहा! हा खाणीतला! तेज असावं तर असं!”

महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या.

“अजून एकदा बघता?”

“कितीदाही दाखव!” शेटजी पुन्हा वळले, पुन्हा वाकले. “हा... भट्टीतला!”

महाराजांनी मूठ उघडली. “मग हा कोण, शेटजी? हा मघापासून इथेच बसलाय घामात!”

दरबार खदखदून हसला. शेटजी लाल झाले. “नजर चुकली असेल, महाराज! पण नथीतला भट्टीतलाच आहे, देवाशपथ!”

“असेलही,” भिवरा म्हणाली. “पण नजरेला कळत नाही, यंत्र लावलं नाही. मग शेटजी, तुम्हाला कळलं कसं?”

शेटजी पगडी चाचपत मागे सरकू लागले.

“मी सांगते!” भिवरा म्हणाली. “ज्याने नथीत बसवला, त्यालाच ठाऊक!”

महाराज सिंहासनावरून उठलेच. “म्हणजे मला खोटा हिरा विकला?”

“खोटा नाही, महाराज! खाणीतला काय, भट्टीतला काय, दोन्ही हिरेच. खोटा होता तो भाव! भट्टीतला स्वस्त मिळतो, परत विकायला गेलं तर हातात फारसं काही पडत नाही. शेटजींनी घेतला भट्टीच्या भावाने आणि दिला खाणीच्या भावाने!”

महाराज पोट धरून हसले. शेटजींकडून सगळे पैसे वसूल झाले आणि नथीतला हिरा भिवराला बक्षीस मिळाला.

भिवरा मात्र जागची हलेना.

“आता काय हवं?”

“पावती, महाराज! ‘भट्टीतला हिरा’ असं स्वच्छ लिहून द्या. उद्या शेटजी म्हणतील, खाणीतला होता, हिने बदलला!”

महाराज इतके हसले की मुकुट घसरला. तो सावरत त्यांनी स्वतःच्या हाताने पावती लिहिली. दौत धरून उभं राहायचं काम माणकशेटांना दिलं.