एकतीस टक्क्यांची कार्तिकी

एकतीस टक्के! या आकड्यानं आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

माझी कार्तिकी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव मांडणारी. तिनं शंभर वेळा चेंडू टाकला तर बास्केटमध्ये जायचा एकतीस वेळा. तिच्याच संघातली दुसरी गार्ड, ओजस्वी जहागीरदार, तिचे अठ्ठावन्न! आणि वैरागगडच्या नागोजीराव महाराजांच्या व्यावसायिक संघात गार्डची जागा होती एकच. ती हुकली की कॉलेज संपलं, खेळ संपला.

महाराजांचं राज्य केव्हाच गेलं होतं, हट्ट तेवढा शाबूत होता. खेळाडू निवडताना ते खेळ बघत नसत, टक्केवारीचा कागद बघत.

निवडीच्या दिवशी मी लेकीसोबत गेले. वीस वर्षांची घोडी आईला घेऊन येते म्हणून ओजस्वीसकट सगळ्या मुली हसल्या. हसू देत! मी घरी थांबले असते तर काळजीनं सगळे डबे पुन्हा घासले असते.

महाराजांनी कागद नाकाजवळ धरला. "एकतीस? पोरी, डोळे मिटून टाकतेस काय?"

"कधी कधी, महाराज," कार्तिकी म्हणाली. "समोरची नखं फार वाढवते."

मी कपाळावर हात मारला. महाराजांच्या मिशा फुरफुरल्या. "जीभ चालते, हात चालत नाही! तुला जागा हवी ना? मग माझ्यासमोर शंभरातले शंभर टाक. एक हुकला की आईचं बोट धर आणि घरी जा!"

शंभरातले शंभर! जगात कुणाला जमेल? मी पर्स उचलली, बसची वेळसुद्धा आठवू लागले.

"अट एवढीच?" कार्तिकीनं विचारलं.

"एवढीच! माझा शब्द आहे."

पोरगी शांतपणे चालत गेली ती थेट बास्केटच्या खाली. उडी मारली, चेंडू अलगद आत सोडला. एक. पुन्हा उडी. दोन. तीन. चार...

सतराव्याला महाराज ओरडले, "थांब! ही काय लबाडी? इथून तर मीही टाकेन!"

"टाका की, महाराज! तुमच्या कागदावर शंभर टक्के लागतील."

"अगं, पण कुठून टाकला ते बघायला नको?"

"मी कुठून टाकते ते कागदानं सांगितलं का?"

महाराजांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोराच होता. संख्याशास्त्राची पदवी घेतलेली मी! मलाही आठवडाभरात हे सुचलं नव्हतं.

"आमच्या संघाची एक रीत आहे," कार्तिकी सांगू लागली. "चोवीस सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. वाट मोकळी असली तर कुणीही टाकतं. पण घड्याळ संपत आलं, दोघीजणी अंगावर आल्या, की चेंडू माझ्या हातात! गेला तर संघाचा, हुकला तर माझा."

"बोलायला काय जातं? दाखव!"

"मी नको. ओजस्वीला उभं करा. लांबच्या रेषेबाहेर, अंगावर तुमच्या संघातल्या दोन उंच मुली, वेळ पाच सेकंद. आणि मोजा तुम्हीच."

ओजस्वी तोऱ्यात उभी राहिली. कार्तिकी आपली कडेला, कमरेवर हात ठेवून. महाराजांनी चेंडू दिला आणि दरडावून मोजायला घेतलं. "पाच! चार!"

दोन्ही उंच मुली हात पसरून धावून आल्या. ओजस्वी डावीकडे वळली, उजवीकडे वळली.

"तीन! दोन!"

आणि सवयीनं, अगदी न बघता, ओजस्वीनं चेंडू भिरकावला तो थेट कार्तिकीकडे! कार्तिकीनं झेलला तसाच टाकला. चेंडू कडीवर आपटला, दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

झालं! शेवटी हुकलीच!

"हुकला!" महाराज टाळी वाजवून गरजले.

"हुकला, महाराज," कार्तिकी म्हणाली. "आता हा कुणाच्या नावावर लिहायचा?"

महाराजांची टाळी अर्ध्यावर राहिली. त्यांनी ओजस्वीकडे पाहिलं. ती आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती. मग महाराजांच्या मिशा हलू लागल्या, पोट हलू लागलं, आणि ते इतके हसले की दोन उंच मुलींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"अगं ए अठ्ठावन्न!" ते डोळे पुसत ओजस्वीला म्हणाले, "तुझ्या वाटचे अवघड चेंडू सगळे हिनंच सांभाळले की गं!" कागदाची घडी करून त्यांनी खिशात कोंबली. "कार्तिकी, जागा तुझी! आणि वर आणखी काय हवं ते माग."

मी मागून खुणा करत होते. वसतिगृहात स्वतंत्र खोली माग, बाळा! निदान गरम पाणी तरी माग!

पोरगी म्हणाली, "मग ओजस्वीलाही घ्या, महाराज. घाबरल्यावरसुद्धा इतका नेमका पास देणारी दुसरी कुठं मिळणार?"